गिळब्बीच्या वाटेचं वळण

कानगद्द्याहून गिळब्बीच्या धबधब्याकडे निघालं की पहिली निम्मी वाट सरळ आहे. सुपारीच्या बागेतून, मग रानातून, ओढ्याच्या कडेकडेने. पुढे दोन काळे धोंडे लागतात. तिथे पाण्याचा आवाज इतका जवळ येतो की नवख्याला वाटतं, पोचलोच आपण. आणि नेमकी तिथेच वाट उजवीकडे वळते, ओढ्याकडे पाठ फिरवते, अख्खी टेकडी चढते, उतरते आणि माणसाला मेटाकुटीला आणून तासाभराने डोहाच्या काठी सोडते. हे वळण सरकारने घातलेलं नाही आणि देवानेही नाही. ते मास्ती गौडाने घातलं, आणि वीस वर्षं ते कुणाच्या बापाला हलवता आलं नाही.

मास्ती म्हणजे बोटभर बाई. वय अठ्ठावन्न, पण चालायला लागली की बेंगळुरूच्या पंचविशीतल्या पोरांची जीभ बाहेर येते. पाऊस ओसरला की शनिवार-रविवारी ही पोरं पाठीवर बोचकी लादून येतात आणि मास्ती त्यांना गिळब्बीला नेते. सोबतीला तिची टकळी फुकट.

"पाणी आत्ताच संपवलंस? मग पुढे काय, माझं डोकं पिणार?"

"अक्का, किती राहिलं अजून?"

"मघाशी विचारलंस तेवढंच. तू हललास कुठे तिथून?"

दोन धोंड्यांपाशी प्रत्येक जण एकच गोष्ट विचारतो, अगदी ठरल्यासारखं. "अक्का, आवाज तर इकडून येतोय!"

"येतोय ना? मग तो ऐकायचा आणि चालायचं इकडून."

"पण तिकडे आहे काय?"

"चौडी," मास्ती म्हणते, आणि ओढ्याच्या दिशेला हात जोडते. आमच्याकडे रानाची राखण चौडीआईकडे असते. तिचं नाव निघाल्यावर आमचा माणूस दुसरा प्रश्न विचारत नाही. बेंगळुरूचा विचारतो, पण तोवर मास्ती अर्धी टेकडी चढून गेलेली असते.

आता खरं सांगायचं तर तिकडे होतं एक झाड.

आंब्याचं झाड. पण ज्याच्या आंब्याला कुणी पिकू देत नाही, असलं. ओढ्याकाठच्या रानात ही झाडं उगवतात, शिवरात्रीच्या पुढेमागे त्यांना बोराएवढ्या कैऱ्या लागतात, त्यांना आम्ही अप्पेमिडी म्हणतो, आणि त्यांचं मिठातलं लोणचं नसेल त्या घरी आमच्याकडे सोयरीकसुद्धा जुळायला वेळ लागतो. प्रत्येक झाडाच्या चिकाला वेगळा वास. जाणकार बाई पानाचं देठ मोडून नाकाशी धरते आणि झाडाचं नाव सांगते. हो, झाडांना नावं असतात, माणसांसारखी. फक्त मास्तीच्या झाडाला नव्हतं. नाव ठेवलं की ते कधीतरी तोंडातून निसटणार, म्हणून तिने ठेवलंच नाही. ती मनातसुद्धा "ते" म्हणायची.

ते दाखवलं होतं तिच्या नवऱ्याने, करियाने. कड्याच्या पोटात जेमतेम पाऊल मावेल एवढी पट्टी, एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला गिळब्बीची दरी, आणि पट्टीच्या टोकाला, डोहाकडे उतरायच्या जागी, झाड. निम्मं जमिनीवर, निम्मं दरीवर ओणवं. करियाने दोन गोष्टी बजावल्या होत्या. कुणाला सांगायचं नाही, आणि दरीवरच्या फांदीला हात लावायचा नाही. ती चौडीची. त्याच पावसात करिया तापाने गेला, आणि मास्तीने दोन्ही गोष्टी जिवापाड पाळल्या.

न सांगण्याला कारण होतं. अप्पेमिडी देठासकट, एकेक, हाताने खुडावी लागते. देठ तुटलं की चीक जातो, आणि चीक गेला की लोणचं नासतं. पण लोक टेम्पो घेऊन येतात, अख्ख्या फांद्या कोयत्याने उतरवतात, खाली बसून कैऱ्या ओरबाडतात आणि जातात. मेल्यांच्या हाताला किडे पडोत. ओढ्याच्या वरच्या अंगाची तीन जुनी झाडं अशी डोळ्यांदेखत वाळून गेली. त्या तिन्ही झाडांची वाट सगळ्यांना माहीत होती. म्हणूनच मास्तीने पाहुण्यांना टेकडीवरून न्यायला सुरुवात केली, पाहुण्यांच्या पायांनी वाट मळली, आणि पुढे वनखात्याने फलक लावला त्यावरही ते वळण आलं.

दर वर्षी शिवरात्र झाली की ती एकटी जायची. पट्टीखाली लपवलेली बांबूची आकडी काढायची, जमिनीकडच्या फांद्या खुडायची आणि दरीवरची फांदी भरलेली सोडून यायची. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा डोकावून बघायची. फांदी चाटूनपुसून साफ! शिवाय झाडावर एक बांडगूळ नाही, आणि मुळांशी दगड बसवलेले, दर वर्षी एखादा जास्तच. मास्तीचे डोळे भरून यायचे. मी ठेवलेला वाटा आई घेते, वर झाडही राखते. ती तिथे नारळ ठेवायची, डोकं टेकवायची, आणि मग घरी येऊन गप्प बसायची. सांगणार कुणाला? पोटची मुलगी अंकोल्याला दिलेली, तिलाही ठाऊक नव्हतं. एवढं मोठं सुख पोटात घेऊन ही बडबडी बाई वीस वर्षं जगली. कसं जगली, तिचं तिलाच माहीत.

पहिली टोपली जायची हेगड्यांच्या भवानक्काकडे, बाकीच्या कैऱ्या बाजारात. भवानक्का ऐंशीच्या घरातली, डोळे गेलेले, नाक मात्र शाबूत. टोपली आली की ती एक देठ मोडायची, हुंगायची आणि डोळे मिटून घटकाभर बसायची.

"कुठलं गं हे, मास्ती?"

"रानातलं."

"रान काय एवढंसं आहे?"

"म्हणून तर सांगता येत नाही, अम्मा."

आणि मग हुलिया. हुलिया गौडा दरीच्या तळाच्या तोरेबैलचा. उंच, विधुर, तोंडात कायम पान, आणि हसला की पलीकडच्या कड्यावरची माकडं उठतात. खालून येणाऱ्या पाहुण्यांना धबधब्याला नेणं हे त्याचं काम. मास्तीचं आणि त्याचं वैर अख्ख्या सिरसीच्या बाजाराला पाठ होतं. मंगळवारी दोघांच्या टोपल्या समोरासमोर असायच्या.

"इकडच्या घ्या हो!" हुलिया ओरडायचा. "तिकडच्या मास्तीच्या जिभेनेच आंबल्यात!"

"त्याच्या घ्या बापडे," मास्ती शांतपणे म्हणायची. "लाल रंग वेगळा घालायला नको. थुंकून झालंय त्याचं."

त्याच्या कैऱ्या नेहमी बोटभर मोठ्या, कारण तोरेबैलचे लोक होळी झाल्याशिवाय खुडत नाहीत. आमच्या कानगद्द्याला ते राकट वाटतं. त्यांना आम्ही उतावळे वाटतो.

यंदा सुपारीचं काम उरकलं आणि वाडीच्या देवळात दोन्ही गावांच्या वनसमितीची बैठक बसली. चिटणीस होता भवानक्काचा नातू, श्रीपाद. आठ वर्षं बेंगळुरूला शिकून, नोकरी करून परत आलेला, गुणी मुलगा, पण सरळ रेघेचं वेड. त्याने नकाशा पसरला.

"हे बघा, दोन धोंड्यांपासून डोह सरळ गेलं तर पाव तास. आपण माणसांना तासभर टेकडीवर हिंडवतो. तोरेबैलकडूनही तसंच, विनाकारण वळसा. लोक नावं ठेवतात. कड्याच्या पट्टीला कठडा घातला की काम झालं. हरकत कुणाची?"

मास्तीने मनात हिशेब केला. कठडा आला की वाट आली, वाट आली की माणसं आली, आणि पुढच्या शिवरात्रीला टेम्पो. ती ताडकन उठली. "माझी. तिथे चौडी आहे."

आणि तोरेबैलच्या बाकावरून, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, हुलिया उठला. "माझीसुद्धा. तिथे मधमाश्यांची पोळी आहेत. या एवढाल्या."

मास्ती आणि हुलिया एका बाजूने बोलतायत? पुजाऱ्याने हातातली घंटा खाली ठेवली.

"नक्की काय आहे?" श्रीपादने विचारलं. "चौडी की माश्या?"

"चौडी," मास्ती म्हणाली.

"माश्या," हुलिया म्हणाला, आणि मास्तीकडे बघून सावरून घेतलं, "चौडीच्याच."

मग जे हसू फुटलं! मागून कुणीतरी म्हणालं, "अहो हेगडे, वाट राहू द्या, आधी मुहूर्त काढा!" बायका पदर तोंडाला लावून खिदळायला लागल्या. मास्ती कानापर्यंत तापली. या मेल्याला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? याचं काय अडलंय तिथे? श्रीपादही हसला, पण नकाशा काही त्याने गुंडाळला नाही. "सोमवारी तुम्ही दोघं मला तिथे घेऊन चला. डोळ्यांनी बघतो आणि मगच ठरवतो."

ते चार दिवस मास्तीला अन्न गोड लागलं नाही. यंदा मोहोर उशिरा आला होता, कैरी अजून वाटाण्याएवढी, खुडून न्यायचीही सोय नव्हती. रविवारी ती चौडीच्या दगडापुढे जाऊन भांडली. "वीस वर्षं तुझी फांदी तुला सोडली की नाही? मग आता हल जरा!"

चौडी हलली नाही. सोमवारी सकाळी तिघं दोन धोंड्यांपाशी उभे राहिले, आणि मास्ती जन्मात पहिल्यांदा पाहुण्याला घेऊन डावीकडे, ओढ्याच्या अंगाला वळली.

पट्टीवर पाय ठेवायला श्रीपाद चाचरला. खाली गिळब्बीचं पाणी काळ्या भिंतीवरून पांढरं होऊन कोसळत होतं, तुषार तोंडावर येत होते. "भिंतीकडे बघा आणि माझ्या टाचेकडे बघा," मास्ती म्हणाली. "दरी कुठे जात नाही, ती नंतर बघा." दहा पावलं गेल्यावर तिला जाणवलं, श्रीपाद धापा टाकतोय, पण सगळ्यात मागच्या हुलियाचा आवाजच नाही. तिने वळून पाहिलं. हुलिया आरामात पान चघळत येत होता. मध्ये एक दगड हलतो, तो ओलांडावा लागतो. हुलियाने खाली न बघता तो ओलांडला.

हा इथे आलेला आहे.

टोकाला झाड उभं होतं. पोपटी पानं, आणि घोसच्या घोस वाटाण्याएवढ्या कैऱ्यांचे. श्रीपाद भिंतीला टेकून झाडाकडे बघत राहिला. मग सवयीने, घरात जन्मभर बघितलं तसं, त्याने एक पान देठाशी मोडलं आणि हुंगलं.

त्याचा चेहराच बदलला. त्याने पुन्हा हुंगलं.

"मास्तक्का," तो हळूच म्हणाला, "ही तर आमची बरणी."

मास्तीने झाडाच्या खोडावर हात ठेवला.

"आठ वर्षं हॉस्टेलात आणि भाड्याच्या खोलीत मी या वासावर जेवलोय. मेसचा भात घशाखाली उतरायचा नाही. झाकण उघडलं की घरी आल्यासारखं वाटायचं. एकदा तर नुसता वास घेऊन रडलोय." त्याने डोळे पुसले आणि लगेच हसला. "आजीला कितीदा विचारलं, कुठलं झाड. म्हणायची, मास्तीला विचार. आणि तू म्हणायचीस—"

"रानातलं," मास्ती म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "श्रीपादप्पा, तुम्ही कठडा घाला नाहीतर सोन्याची वाट बांधा, मी कोण अडवणारी? पण वरच्या अंगाची तीन झाडं तुम्ही पाहिलीत. इथे वाट आली की हे चौथं. मी हात जोडते. याला नका दाखवू कुणाला." एवढी वर्षं लोकांना हसवणारी बाई, पण त्या दिवशी ती लहान पोरीसारखी रडली.

श्रीपादने खिशातून वही काढली. बराच वेळ पेन चावलं, मग लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. "प्रत्यक्ष पाहणी केली. जागेवर चौडी आहे. माश्याही आहेत. मार्ग अत्यंत धोक्याचा. सध्याचं वळण कायम ठेवावं. उलट दोन्ही धोंड्यांच्या मध्ये काटेरी कुंपण घालावं."

"माश्या किती मोठ्या, ते लिहा," हुलिया म्हणाला.

"या एवढाल्या," श्रीपाद म्हणाला, आणि वही मिटली. निघताना त्याचं लक्ष मुळांकडे गेलं. "एवढे दगड कुणी रचले इथे?"

"चौडीने," मास्ती नाक पुसत म्हणाली.

हुलियाला ठसका लागला. पानाचा.

श्रीपाद भिंतीला धरून पुढे गेला आणि पट्टीच्या तोंडाशी जाऊन बसला. मास्ती वळली. तिने दगडांकडे नीट पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच, भक्तीने न बघता. एका दगडाच्या कडेला पांढरं बोट ओढलेलं होतं. चुन्याचं. पान लावल्यावर माणूस बोट पुसतो तसं. शेजारच्यावरही. त्याच्या खालच्यावरही, पावसाने पुसट झालेलं.

"हुलिया."

"काय गं?"

"चौडी पान खाते का?"

हुलियाने मान खाली घातली. एवढा ताडमाड माणूस, पण पकडल्या गेलेल्या चोरासारखा उभा. "वीस वर्षं होत आली," तो म्हणाला. "होळीनंतर खालून चढून आलो एकदा. बघतो तर अर्धं झाड खुडलेलं आणि अर्धं भरलेलं. एक डहाळी मोडलेली नाही, प्रत्येक देठ एका मापाने तोडलेलं. असा हात या अख्ख्या घाटात एकाच बाईचा आहे. बाजारात समोर बसतो मी तुझ्या, आंधळा नाही."

"आणि दरीवरची फांदी?"

"ती तू सोडलेली असायचीस. मी तेवढीच घ्यायचो. तुझ्या बाजूला कधी हात लावला नाही, चौडीची शपथ. म्हटलं, फुकट कशाला घ्यायची, म्हणून बांडगूळ काढायचो, दगड लावायचो. पावसात माती सुटते त्या अंगाची."

"आणि खालून येणाऱ्यांना माश्या सांगायचास!"

"मग काय, झाड सांगू?"

मास्तीला हसावं की मारावं कळेना. "अरे मेल्या, म्हणजे वीस वर्षं मी इथे डोकं टेकवत होते, नारळ ठेवत होते—"

"नारळ गोड असायचे," हुलिया म्हणाला.

त्यावर मात्र मास्ती जी हसायला लागली, ती भिंत धरून खालीच बसली. हुलियाही हसला, आणि पलीकडच्या कड्यावरची माकडं उठली. श्रीपाद तिकडून ओरडला, काय झालं म्हणून, तर दोघं आणखीच हसले.

"तू का नाही सांगितलंस मला?" हसू ओसरल्यावर तिने विचारलं.

"तू कुणाला सांगत नव्हतीस, ते दिसत होतं. तुझं गुपित तुलाच कसं सांगू?" मग त्याने झाडाकडे मान केली. "नाव काय ठेवलंयस याचं?"

"नाही ठेवलं. तू?"

हुलियाने तोंडातलं पान दुसऱ्या गालात सरकवलं आणि दरीकडे बघितलं. "मी मास्तीमिडी म्हणतो. मनातल्या मनात. बाजारात कसं म्हणणार?"

मास्तीने बसल्या बसल्या एक सुटा दगड उचलला आणि त्याच्या दगडांशेजारी मुळाशी बसवला.

तिघं दोन धोंड्यांपाशी परत आले तेव्हा ऊन चढलं होतं. श्रीपाद घाईने घरी निघाला, आजीला सांगू की नको, या विचारात. हुलियाला खाली तोरेबैलला जायचं होतं. पुन्हा पट्टीवरून गेला असता तर पाव तासात डोहाशी, तिथून घरी.

"त्या वर्षी गारा पडल्या होत्या, आठवतं?" मास्ती एकदम म्हणाली. "मला वाटलं, गेलं झाड."

"आठवतं म्हणजे? मी दुसऱ्या दिवशी धावत आलो होतो. वरची फांदी चिरली होती, तिला मी काथ्या बांधला."

"तो काथ्या तुझा? मी म्हटलं, आई काथ्या कुठून आणते!"

"आणि एका वर्षी मोहोर दोनदा आला..."

"थांब, ते मला सांगू दे. मी आधी पाहिला होता."

वीस वर्षं साठलेलं बोलणं, ते पाव तासात कुठे मावणार? मास्ती उजवीकडे वळली, टेकडीच्या वाटेला, आणि हुलिया मुकाट्याने तिच्या मागे निघाला. बोलत बोलत ते चढले, बोलत बोलत उतरले, आणि डोहाशी पोचल्यावर मास्तीला वाटलं, हे वळण आपण जरा आखूडच घातलं.